समेवर न येणाऱ्या माना

प्रयोगशाळा नाट्यगृहाच्या पोटात होती. वर रंगमंच, खाली यंत्रं आणि मध्ये एक अरुंद लोखंडी जिना. सुलक्षणा गुरव तो जिना उतरली तेव्हा वर टाळ्या अजून चालू होत्या आणि त्या टाळ्या तिला नकोशा झाल्या होत्या. गाणाऱ्या बाईला टाळ्या नकोशा व्हाव्यात म्हणजे बाईचं काहीतरी बिनसलंय, असं कुणीही म्हणेल. पहिल्या दिवशी तिलाही तसंच वाटलं होतं.

खाली दोघं तिची वाट बघत होते. एक डॉ. प्रभंजन टोळे, सांगलीतल्या या चंद्रशाला नाट्यगृहाचा मालक आणि रूपलेपाचा जनक. दुसरी डॉ. नसीमा शिकलगार, कानाच्या शास्त्रातली मोठी जाणकार. नसीमा मिरजेची, तंबोरे घडवणाऱ्यांच्या घरातली, आणि सुलक्षणाची बालमैत्रीण. सुलक्षणानंच तिला बंगळूरहून बोलावून घेतलं होतं.

"आज पुन्हा तेच," सुलक्षणा म्हणाली. "माना समेवर आल्या नाहीत."

टोळ्यांनी भुवया उंचावल्या. त्यांना प्रकाशातलं सगळं कळत होतं, गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तेव्हा नसीमानं त्यांना समजावून सांगितलं. ताल फिरून फिरून ज्या पहिल्या मात्रेवर येतो, ती सम. तिथं ऐकणाऱ्याची मान आपोआप खाली येते. भरलेल्या नाट्यगृहात सगळ्या माना एकदम खाली येतात, कुणी कुणाला सांगत नाही. आणि इथं गेल्या कित्येक प्रयोगांत माना डोलत होत्या, पण प्रत्येकाची मान आपापल्या वेळी. कुणाची सुलक्षणाच्या आधी, कुणाची नंतर. वन्समोरसुद्धा पद संपायच्या आधीच येत होते, कधी इथून, कधी तिथून. जणू प्रत्येक खुर्चीत वेगळी मैफल चालली होती.

रूपलेपाची गोष्ट सांगायची तर आधी सुलक्षणाच्या तोंडाची सांगायला हवी. तिला लहानपणापासून कोड होतं, ओठांभोवती आणि एका डोळ्याखाली. आईबापांनी नाव सुलक्षणा ठेवलेलं, त्यामुळे गावाला टवाळीला आयतंच निमित्त मिळालं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पण गळा असा की देवळात ती गायला लागली की चपला घालून निघालेली माणसं चपला काढून परत आत येत. नाटक मंडळ्यांनी तो गळा घेतला, तोंड मात्र घेतलं नाही. रंगमंचावर चार्वी नावाची देखणी मुलगी उभी राहून ओठ हलवी आणि सुलक्षणा विंगेत स्टुलावर बसून गाई. वन्समोर आला की चार्वी लाजून नमस्कार करी. सुलक्षणा घोटभर पाणी पिऊन पुन्हा पहिल्या ओळीवर येई. सारी उमर अशी गेली. एकदा, फक्त एकदा, भरल्या नाट्यगृहानं आपलं गाणं आपलं म्हणून ऐकावं, एवढीच तिची इच्छा होती. ती काही फार मोठी मागणी नव्हती.

मग टोळ्यांचा रूपलेप आला. प्रत्येक खुर्चीसमोर एक नेत्रमापक बसवलेला. प्रेक्षकाची नजर कुठे रेंगाळते, डोळ्यातली बाहुली कशानं मोठी होते, हे तो टिपायचा आणि क्षणात रंगमंचावरच्या माणसावर त्या एका प्रेक्षकापुरता प्रकाशाचा लेप चढायचा. दर खुर्चीला वेगळा चेहरा, ज्याला जो सर्वांत भावेल तो. लेप नीट बसलाय की नाही हे गाणाऱ्यालाही दिसावं म्हणून रंगमंचाच्या कडेला, तिच्या पायांपाशी, एक लेपदर्पण ठेवलेलं होतं. त्यात सुलक्षणाला स्वतःचाच चेहरा दिसायचा. फक्त कोड नसलेला. पहिल्या दिवशी ती त्या दर्पणासमोर ढसाढसा रडली होती. पुढे तिनं तसंच एक लहान दर्पण टोळ्यांकडून मागून घरी नेलं, रियाजाला समोर ठेवायला. चार्वीला नारळ मिळाला, विंगेतलं स्टूल अडगळीत गेलं, साथीला यंत्र आलं आणि सुलक्षणा वर्षभर रंगमंचावर उभी राहून गात होती.

"मी परवा वर बसून पाहिलं," नसीमा म्हणाली. "ऐकायला म्हणून गेले होते गं. पण बघतच बसले. डोळे मिटायचे ठरवले तरी मिटेनात. बाहेर आल्यावर तू काय गायलीस ते मला एक अक्षर आठवेना. छान होतं एवढंच आठवलं."

 मग तिनं सुलक्षणाला एक विचित्र गोष्ट सुचवली. उद्याच्या प्रयोगात दुसऱ्या कडव्याला तोंड मिटून उभं राहायचं.

दुसऱ्या दिवशी सुलक्षणानं पद धरलं, "दूर कोण हाक घाली". पहिलं कडवं गायली आणि दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी ओठ मिटले.  आता लोक ओरडतील, शिट्ट्या मारतील. तिनं दर्पणात पाहिलं. चाल तिच्या कानात इतकी गोड चालू होती की क्षणभर तिला आपण गातोच आहोत असं वाटलं. मग नजर उचलून तिनं समोर पाहिलं, तेव्हा ती चाल थांबली. नाट्यगृहात फक्त यंत्राचा ठेका वाजत होता. आणि माना डोलत होत्या. शेकडो माना, आपापल्या वेळी. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोळ्याला रुमाल लावला. तिसऱ्या रांगेतली एक बाई कुणी न घेतलेल्या तानेला "क्या बात है" म्हणाली. आणि मग त्या न गायलेल्या कडव्याला वन्समोर आला. सुलक्षणाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

खाली आल्यावर नसीमानं उलगडा केला. टोळ्यांकडे बघत ती म्हणाली, "मेंदूत लक्षाची एकच ओंजळ असते, डॉक्टर. डोळ्यांनी ती काठोकाठ भरली की कानाला थेंब उरत नाही. वर्तमानपत्रात बुडालेल्या माणसाला बायकोची हाक ऐकू जात नाही, तेच हे. पण मेंदूला रिकामी जागा खपत नाही. तो चेहऱ्याला शोभेल असा आवाज घरच्या घरी तयार करतो. मी त्याला पूरकश्रवण म्हणते. तुमचा लेप इतका चोख झालाय की इथं आता कुणीच ऐकत नाही. प्रत्येकजण आपल्या मनातलं गाणं ऐकून घरी जातो."

"म्हणजे प्रत्येकाला त्याच्या आवडीचा चेहरा आणि त्याच्याच आवडीचा आवाज," टोळे सावकाश म्हणाले. त्यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. "मग बिघडलं कुठे?"

पुढचं त्यांना लगेच सुचलं, हुशार माणूस तो. गाणं कुणी ऐकतच नसेल तर गाणारी कशाला हवी? लेपाखाली कुणीही उभं केलं तरी चालेल. ते हे सुलक्षणाच्या देखत बोलले, आणि वाईट असं की त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.  विंगेत असताना निदान लोक तिचं ऐकत तरी होते, नाव चार्वीचं का असेना. आता चेहरा मिळाला होता आणि ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

तिनं एक प्रयोग मागितला. लेपाविना, आहे त्या तोंडानं. लेप नसला की डोळ्यांना गुंतायला काही उरणार नाही आणि कान मोकळे होतील, हे नसीमाच्याच बोलण्यातून निघत होतं आणि नसीमालाही ते नाकारता येईना. टोळ्यांनी अट घातली. रविवारी दुपारचा प्रयोग तिचा. एक जरी वन्समोर आला तरी यापुढे तिची पदं लेपाविना होतील. नाही आला, तर सोमवारपासून लेपाखाली दुसरं कुणीतरी उभं राहील. सुलक्षणा हो म्हणाली. आपल्या गळ्यावर तिचा तेवढा भरवसा होता.

नसीमा तिला सोडायला बाहेरपर्यंत आली. फाटकापाशी तिनं सुलक्षणाचा हात धरला. म्हणाली, रविवारच्या आधी मिरजेला ये, अब्बांच्या दुकानात बस, खरा तंबोरा लाव आणि डोळे मिटून एकदा माझ्यापुढे गा.

सुलक्षणाला राग आला. ज्या गळ्यासाठी मंडळ्यांनी तिचं तोंडसुद्धा सहन केलं, त्याची परीक्षा ही घेणार?

"हातच्या काकणाला आरसा कशाला, नसीमा? रोज गाते मी. रोज ऐकते."

"मी तेच म्हणतेय," नसीमा हळू आवाजात म्हणाली. "आरसा नको."

सुलक्षणानं हात सोडवून घेतला. रविवारपर्यंत ती मिरजेला गेली नाही. घरी दार लावून, साथीचं यंत्र सुरू करून, लहान दर्पणासमोर बसून तिनं मन लावून रियाज केला. आवाज इतका रेशमी लागत होता की तिचं तिलाच नवल वाटलं. आजवर असा कधी लागला नव्हता.

रविवारी नाट्यगृह भरलं. पडदा वर गेला आणि पांढऱ्या उघड्या दिव्यांखाली सुलक्षणा आहे तशी उभी होती, ओठांभोवतीच्या आणि डोळ्याखालच्या त्या पांढऱ्या डागांसकट. पायांपाशी दर्पण काळं पडलं होतं. कुजबुज झाली. कुणी शेजाऱ्याकडे पाहिलं, कुणी छताकडे. नजरा तिच्यावरून निसटत होत्या. एरवी तिला ते लागलं असतं. आज तिला बरं वाटलं. डोळे निघाले, म्हणजे कान आले. जन्मात पहिल्यांदा ही माणसं आपलं ऐकणार होती. तिनं डोळे भरून समोर पाहिलं, श्वास घेतला आणि पद धरलं.

"दूर कोण हाक घाली..."

नाट्यगृहात एक आवाज उमटला. चिरका, चिरलेला, षड्जावरून घसरलेला. शब्द तेच, चाल तीच, पण सूर एकही जागेवर नाही. सुलक्षणा चमकली. मधेच हे कोण गायला लागलं? तिला वाटलं, विंगेत कुणीतरी आहे, टोळ्यांनीच खोडसाळपणा केलाय. तिनं मान वळवून विंगेत पाहिलं. स्टुलाची जागा रिकामी होती. तिनं तोंड मिटलं, आवाज थांबला. पुन्हा उघडलं, आवाज आला.

तेव्हा तिला कळलं. डोळे काही फक्त प्रेक्षकांनाच नव्हते. वर्षभर ती रोज त्या बिनडागी चेहऱ्याकडे बघत गायली होती आणि तो चेहरा जे गाईल असं तिला वाटे ते ऐकत आली होती. ज्या गळ्याला त्याच्या धनिणीनंच वर्षभर ऐकलं नाही, तो ताळ्यावर कसा राहणार? कुणी न लावलेल्या तंबोऱ्याची तार उतरते, तसा तो दिवसादिवसानं उतरत गेला होता. चूक दाखवायला कान हवा असतो, आणि तिचा कान तिनं दर्पणाला देऊन टाकला होता. आज लोक खरोखर ऐकत होते. तिनं मागितलं होतं तेच तिला मिळालं होतं.

ती ओळ कशीबशी समेवर आली. आणि वर्षात पहिल्यांदाच नाट्यगृहातल्या सगळ्या माना एकदम, एकाच क्षणी, खाली गेल्या. त्या दाद देत नव्हत्या. तिच्याकडे बघवेना म्हणून लोकांनी ओशाळून माना खाली घातल्या होत्या. आणि त्या खाली गेल्या त्या वर येईनात.

सुलक्षणा तशीच उभी राहिली.  प्रेक्षकांच्या मागे, जिथून लेप चालवला जाई त्या काचेच्या खोलीत, नसीमा आणि टोळे दिसत होते. सुलक्षणानं हात किंचित उचलला आणि तळवा चेहऱ्यावरून वरून खाली फिरवला. लेप चढवा असं सांगायची ती रोजची खूण होती. नसीमानं नकारार्थी मान हलवली, जोरजोरात हलवली. टोळ्यांनी तिच्यावरून हात पुढे करून कळ दाबली.

प्रकाश मऊ झाला. समोरच्या माना एकेक करत वर आल्या. पायांपाशी दर्पण उजळलं आणि त्यातून तो चेहरा वर बघू लागला. एकही डाग नसलेला, तिचा. सुलक्षणानं त्याच्याकडे पाहिलं आणि सूर लागला. काय सूर होता तो. पुऱ्या वर्षात इतका शुद्ध लागला नव्हता. "दूर कोण हाक घाली", दर्पणातला चेहरा गात होता, एकेक जागा मोत्यासारखी ठेवत होता, आणि समोर माना पुन्हा डोलू लागल्या होत्या, ज्याची त्याची आपापल्या वेळी. आपले ओठ हलताहेत की नाही हे पाहायला हवं, असं एकदा तिच्या मनात आलं. पण दर्पणावरून नजर निघेना. आणि निघावी असंही तिला वाटेना.

पद संपलं. नाट्यगृहात क्षणभर शांतता होती. मग कुणीतरी भरल्या गळ्यानं वन्समोर मागितला आणि त्या मागोमाग सगळीकडून वन्समोर येऊ लागले.

मागच्या काचेच्या खोलीत नसीमानं तोंडावर हात धरला. ती दर्पणाकडे बघत नव्हती, लेपाकडेही नाही. ती खाली मान घालून सुलक्षणाच्या ध्वनिग्राहकाची नोंद बघत होती. लेप चढल्यापासून पद संपेपर्यंत ती रेघ सपाट होती. सुलक्षणाच्या तोंडून त्यानंतर एकच शब्द निघाला होता, अगदी शेवटी. पहिला वन्समोर तिनंच मागितला होता.