हुजुरांच्या हातची काळी वडी

चैत्रातल्या त्या पहाटे हरणगडाच्या नगारखान्यावर चौघडा झडू लागला, तेव्हा तटाखालच्या मैदानात बैलगाड्यांची दाटी आधीच झाली होती. रयत भाकऱ्या बांधून लांबलांबून आली होती, कारण आज संस्थानाचा पैलवान हैबती शेजारच्या निंबोणीकरांच्या दौलतीशी भिडणार होता, आणि दोन्ही राज्यांच्या शिवेवरचे कुरण जिंकेल त्याच्या गुरांना, असा वाडवडिलांपासूनचा रिवाज होता. वकील आणि अर्ज-विनंत्या यांपेक्षा हा निवाडा स्वस्त पडतो, असे दोन्ही दरबारांचे मत होते. पैलवानाला तो केवढ्याला पडतो, हे कोणी विचारले नव्हते.

त्या साऱ्या उत्साहात गडाच्या दरवाजासमोर एक म्हातारा मात्र उन्मळल्यासारखा उभा होता. तो हैबतीचा वस्ताद बाळेखान. पटकीच्या साथीत आईबाप गेलेले हे पोर त्याने तालमीत आणले, स्वतःच्या ताटातले खाऊ घातले आणि लाल मातीत घोळवून त्याचा पहाड केला. बाळेखानाला ना बायको ना मूल. जे काही होते ते हैबती होते.

आता त्या काळ्या वडीची हकिकत सांगितली पाहिजे. श्रीमंत जयवंतराव महाराज विलायतेत शिकले होते, तिथे होड्यांच्या शर्यतीत वल्ही मारली होती, आणि तिथले गडी कसरतीनंतर कडू काळे चॉकलेट खातात, त्याने दम टिकतो व मन प्रसन्न राहते, हे त्यांच्या मनाने पक्के घेतले होते. गादीवर बसताच त्यांनी त्याचे डबे मागवले आणि दूध, तूप, बदामाच्या थंडाईबरोबर हैबतीच्या खुराकात तेही लावून दिले. पहिल्या दिवशी रिवाजाप्रमाणे वस्तादाने आधी चाखले आणि तोंड वेडेवाकडे केले.

"या खुदा! कारल्याला गूळ लावून जाळलं की काय?"

हैबतीने मात्र वडी जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि ती विरघळेपर्यंत तालमीत कोणाला बोलू दिले नाही. मग हळूच म्हणाला, "वस्ताद, आधी कडू लागतंय, पर मागनं लई ग्वाड वाटतंय. दूध पिऊन पिऊन निस्ता रेडा झालो हुतो. आज कायतरी खाल्ल्यावानी वाटलं." त्या दिवसापासून हजार बैठका मारून घामाघूम झालेला हा गडी त्या एवढ्याशा वडीसाठी लहान मुलासारखा वाट पाहू लागला. त्याची ती आवड पाहून महाराजांना इतका हर्ष झाला, की वडी ते स्वहस्ते देऊ लागले.

इथेच घात झाला. हरणगडच्या तालमीचा दंडक असा, की पैलवानाच्या खुराकाला वस्तादाखेरीज कोणी तोंड लावायचे नाही, नाहीतर अंगातली रग जाते. आणि दरबारचा दंडक असा, की हुजुरांच्या हातचे दुसऱ्याने आधी चाखायचे नाही, कारण चाखणे म्हणजे संशय आणि संशय म्हणजे बेअदबी. दोन्ही दंडक एकत्र आले आणि ती वडी कोणीही न चाखता हैबतीच्या तोंडात जाऊ लागली. महिनोन्‌महिने काही बिघडले नाही. पण ही फट एका माणसाने हेरून ठेवली होती.

तो माणूस म्हणजे महाराजांचे चुलतबंधू बापूसाहेब. महाराजांना संतती नव्हती, तेव्हा गादीवर डोळा यांचा होता. आणि विलायती खुळापायी राजाने राज्याचा पैलवान घालवला, कुरण घालवले, असे रयतेने एकदा म्हटले की पुढचे काम सोपे होते. खासगीचा सगळा कारभार त्यांच्याच हाती होता. चॉकलेटचे डबेही तेच सांभाळत.

उजाडण्याआधी बापूसाहेबांच्या मुदपाकखान्यातली नागूबाई पदर तोंडावर ओढून तालमीच्या मागच्या दाराशी आली होती.

"वस्ताद, म्या पापिनीनं केलं. त्या काळ्या वड्या पातळ करून त्यात धोत्र्याचं बी वाटून घातलं. धनी हुबा ऱ्हाऊन बघत हुता. माजी दोन पोरं त्याच्या वाड्यात हाइत, नाय म्हनली असती तर..." तिने वस्तादाच्या पायांवर डोके ठेवले. "माजं नाव घिऊ नगा. पोरांस्नी गाडतील."

"नाही घेणार, बहन. कुराणाची आण," बाळेखान म्हणाला, आणि एवढ्या एका वचनाने त्याने स्वतःचे हात स्वतःच बांधून घेतले.

कुस्तीच्या आदल्या रात्री पैलवान गडावर हुजुरांच्या पहाऱ्यात राहतो आणि वस्तादाची गाठ थेट आखाड्यात पडते, हाही रिवाजच. म्हणून म्हातारा दरवाजाशी जाऊन उभा राहिला, देवडीवाल्याच्या हातापाया पडला, हुजुरांची घटकाभर भेट मागितली. निरोप आत गेला. पण खासगीत निरोप घेणारे कोण? बापूसाहेबच! बाहेर उत्तर आले: हुजूर स्नानाला गेले आहेत. पुन्हा विनवल्यावर उत्तर आले: हुजूर पूजेत आहेत. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या असल्यावर सावाने दाद मागावी कुठे?

उन्हे वर आली. लवाजम्यासह हुजूर आखाड्याशी आले, पाठोपाठ झूल पांघरलेला हैबती आला. बाळेखान पुढे झाला, त्याच्या पाठीवर माती चोळता चोळता कानाशी लागून म्हणाला, "बेटा, आज वडी खाऊ नको." हलग्या कडाडत होत्या. हैबतीने काहीच न कळून मान वळवली, तोच महाराजांनी चांदीच्या तबकातल्या वड्यांपैकी एक उचलून पुढे धरली आणि त्याने दोन्ही हातांची ओंजळ केली.

बाळेखानाने ती वडी वरच्या वर हिसकली आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

हलग्या थांबल्या. आजवर त्या राजाच्या हातून कोणी काही हिसकले नव्हते.

"वस्ताद!" महाराज ओरडले. "ही कसली मस्ती?"

"सरकार, गर्दन मारा, पण त्यात धोत्रा आहे. हैबतीला देऊ नका."

बापूसाहेब शांतपणे पुढे आले. "म्हणजे आमच्या सरकारांनी आपल्या पैलवानाला विष घातलं, असं तुझं म्हणणं? कोणी सांगितलं तुला? नाव घे त्याचं."

बाळेखानाच्या डोळ्यांपुढे नागूबाईची पोरे उभी राहिली. खाली मान घालून तो एवढेच म्हणाला, "नाव नाही सांगू शकत."

"नाव नाही! आणि विष खाऊन हा बघा कसा खांबासारखा उभा आहे!" लोक हसले. धोत्रा चढायला वेळ लागतो, हे त्या हसणाऱ्यांतल्या कितीकांना ठाऊक होते; पण जमावाच्या हसण्यात शहाणपण बुडून जाते.

अपमानाने लाल झालेले महाराज म्हणाले, "आम्हीच खातो. खरंखोटं होऊन जाऊ दे."

"सरकार, खुराकाला दुसऱ्याचं तोंड? आजच्या दिवशी?" बापूसाहेबांनी अदबीने हात जोडले. "कुस्ती जाईल."

मागून पन्नास तोंडे ओरडली, "नको, महाराज! नको!" बिचाऱ्या महाराजांनी हात मागे घेतला. मग दुसरी वडी उचलून ते हैबतीला म्हणाले, "पैलवान, तुझा आमच्यावर भरवसा आहे ना?"

काय करावे त्याने? नको म्हणावे, तर हजारो लोकांदेखत आपल्या पोशिंद्याला विष घालणारा ठरवावे. आणि ज्याला जन्मात कोणी मान दिला नाही त्याला स्वहस्ते घास देणारा हा राजा. शिपायांनी वस्तादाच्या मुसक्या बांधल्या होत्या. "हैबती, तुला माझी आण!" तो ओरडत होता. भर मैदानात आपली शोभा झाली, या रागाने हैबतीने त्याच्याकडे जळजळीत पाहिले. मग त्याने वडी तोंडात घातली आणि रोजच्यासारखी विरघळूही दिली नाही, चावून गिळली.

आधी लहान जोड्यांच्या कुस्त्या सुटल्या. मोठी कुस्ती लागली तेव्हा हैबतीची जीभ टाळूला चिकटली होती, दौलतीच्या जागी दोन दौलती दिसत होते. तो चुकीच्या दौलतीच्या पटात शिरला आणि तोंडावर आदळला. निंबोणीकरांचे फेटे आभाळात उडाले. ज्या रयतेने सकाळी त्याच्यावर भंडारा उधळला होता, तिनेच मूठमूठ माती फेकली.

त्याला ताप चढून तो बरळू लागला, तेव्हा कुठे महाराजांना वस्तादाचे बोल खरे वाटले. वैद्य धावले, मिठाचे पाणी पाजून हैबतीला ओकवले. चौकीत कोंडलेल्या वस्तादाची आठवण कोणाला तरी उशिरा झाली. दार उघडले तेव्हा त्याला कोणीच ओळखू येत नव्हते. त्याचे हात हवेत पकडी घेत होते.

"पट काढ, हैबती... खांदा सोडू नको... शाबास!"

हैबतीला हाताला धरून त्याच्याजवळ बसवले. धोत्र्याने हैबतीचे डोळे इतके विस्फारले होते की समोरचा चेहरा त्याला धुक्यातल्यासारखा नुसता पांढरट दिसत होता. त्याने चाचपत ती दाढी हाताने ओळखली. "वस्ताद, चुकलो. एकदा बगा की माज्याकडं. मला दिसंना झालंय." वस्ताद मनातल्या कुठल्याशा आखाड्यात आपल्या पोराला जिंकवत होता, त्याने ऐकले नाही. दिवस मावळता त्याचे हात थांबले.

हैबतीची नजर परत आली ती वस्तादाला माती दिल्यानंतर. वस्तादाचा चेहरा त्याने शेवटी पाहिला होता तो रागाने, भर मैदानात. ते आठवून तो दांडगा गडी भिंतीवर डोके आपटून घेई.

डबे कोणाच्या ताब्यात होते, हे ठाऊक असल्याने महाराजांना सगळे कळले होते. पण बापूसाहेबांना शासन करायचे तर विष हुजुरांच्या हातून गेले, हे भर दरबारात कबूल करावे लागणार होते, आणि एवढे धैर्य त्या भल्या माणसापाशी नव्हते. उन्हाने वस्ताद दगावला, असे ठरले. बापूसाहेबांची जागा तशीच राहिली. नागूबाईची पोरे तेवढी वाचली.

पुढल्या दसऱ्याच्या दरबारात चोपदाराने पुकारा केला, की मयत बाळेखान वस्ताद याने हुजुरांच्या हातून खुराक हिसकून केलेली बेअदबी श्रीमंतांनी उदार अंतःकरणाने माफ केली आहे. मग पैलवानाला पुढे बोलावण्यात आले. महाराज खाली पाहत होते. बापूसाहेब हसून त्याच्याकडे पाहत होते. एवढे बळ अंगात असून हैबतीला काहीही करता येण्याजोगे नव्हते. त्याने कमरेत वाकून माफीबद्दल तीन मुजरे केले.