बाहीची एक कड

मनवाने काढलेल्या बाहीला एक कड नव्हती.

हिंदमाताजवळच्या छपाईच्या दुकानात मोठा कागद मशीनमधून सरकत बाहेर आला, तेव्हा काउंटरमागच्या तरुणाच्या ते आधी लक्षात आलं.

"मॅडम, ही कापायची कुठून?"

"म्हणजे?"

"तीन बाजूंना रेघ आहे. चौथी… वाऱ्यावर."

मनवाची आई नायगावला घरी ब्लाउज शिवायची. तिच्यासाठी मनवाने प्रोग्रॅम लिहिला होता. मापं टाकली की पाठ, बाही, गळा, सगळे आकार पीडीएफमध्ये कापायला तयार. निदान तसं व्हायला हवं होतं.

"पण आत रंग तर पूर्ण भरलाय!"

"रंग भरला म्हणजे कड आली, असं नसतं." तो हसला. "बसा, खुर्ची घ्या."

तिने लॅपटॉप उघडला. बिंदूमागून बिंदू जोडत गेली होती, पण शेवटून पुन्हा पहिल्याकडे यायची आज्ञाच लिहायची राहिली होती. एवढी एक ओळ घातली आणि दुसरा कागद नीट आला. त्याचं नाव सम्यक, हेही तेव्हाच कळलं.

पुढे आईकडे नवं गिऱ्हाईक आलं की मनवा दुकानात. 'तुम्ही'चं 'तू' झालं. गळ्याचा गोल कसा वळवायचा यावर दोघं भांडायचे. कागद गुंडाळायला तो उगाच वेळ लावायचा… तीही घाई करायची नाही.

एकदा तो म्हणाला, "एवढा मोठा कागद कशाला? आकाराचे तुकडे साध्या पानांवर पाड, घरीच छाप आणि चिकटव. इथवर यायलाच नको."

"बरं," ती म्हणाली.

सल्ला शहाणपणाचा होता. तिला लागला तो त्यामुळेच. तिने तसं करूनही टाकलं. आई खूश. मनवा मात्र दुकानाकडे फिरकेनाशी झाली. हिंदमाताला अस्तर आणायलाही आईच जायची.

दिवाळीची शिलाई उरकल्यावर मनवा दुकानात गेली. सम्यकने सवयीने पेनड्राइव्हसाठी हात पुढे केला.

"नाही आणला."

"मग… फाईल मेल केलीस?"

"फाईलच नाहीये."

हात तसाच राहिला. "त्या दिवशी तू वळलीस ना, तेव्हाच पस्तावलो. तुझा हेलपाटा वाचवायला गेलो, आणि—"

"मला वाटलं, मी नकोय."

"येडी आहेस का?"

"असेन." तिने नजर हटवली नाही. "चहा पाजतोस, की मशीनपाशीच बसणार आहेस?"

भर दुपारी, दोन गिऱ्हाइकं पायरीवर असताना, सम्यकने बाहेर येऊन शटर खाली ओढलं.