खिडकीतून टाकलेला रुमाल

पांढरवाडी स्टेशनाचा इतिहास खरं तर ज्योत्स्नानंच गोळा केला होता. निजामाच्या काळातली दगडी टाकी, छोटी लाइन, मग मोठी लाइन, पाच वर्षांपूर्वी रुळांखालून काढलेला सबवे... सगळी सालं तिनं पायपीट करून मिळवली. पण स्टेशनात लागणाऱ्या फलकावर नाव येणार होतं प्रीतीचं. का, तर कॉलेजातल्या सरांच्या मते तिची भाषा गोड. तीन वर्षं दोघी मैत्रिणी जालन्याच्या कॉलेजात एकाच गाडीनं अप-डाउन करत होत्या. जी आधी पोहोचेल तिनं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. आता त्या रुमालाची आठवणही ज्योत्स्नाला नकोशी वाटे.

एक साल राहिलं होतं. त्यासाठी ती दुपारी सगुणाबाईकडे गेली. म्हातारी सबवेच्या तोंडाशी बोरांची टोपली घेऊन बसायची.

"मावशी, छोटी लाइन कधी बंद झाली, तेवढंच सांगा. गोष्ट नको."

पण म्हाताऱ्या माणसाला साल विचारलं की गोष्टच निघते. सगुणाबाई आणि तिची मैत्रीण कौसल्या, दोघी जालन्याला बियाणं निवडायला जायच्या. बियाण्याच्या गुलाबी औषधानं बोटं रंगायची, किती धुतली तरी वास जायचा नाही. मग मालकानं कौसल्येला मुकादम केलं.

"दुसऱ्या दिवशी तिनं खिडकीतून रुमाल टाकला. म्या आधीच चढल्ते. उचलला, कमरेला खोचला, न् बसले तिच्या जागेवर. ती दारात लटकली... रुळांखालच्या मोरीवर हात सुटला तिचा, गेली." सगुणाबाईनं सबवेतल्या अंधाराकडे पाहिलं. "मोरी बराबर इथंच होती. तवापासून म्या गाडीत बसले न्हाई. गुलाबी डागाचा रुमाल दिसला तर हात लावू नको, पोरी."

ज्योत्स्नानं वही मिटली. साल मिळालं नाही ते नाहीच.

सकाळी गाडीला खच्चून गर्दी होती. ज्योत्स्ना रेटून आत शिरली, तोच खिडकीतून एक रुमाल येऊन रिकाम्या बाकावर पडला. बाहेर प्रीती हात उंचावून धावत येत होती. फलकावर नाव तुझं, आणि जागाही तुझीच का? ज्योत्स्नानं रुमाल उचलला, पर्समध्ये कोंबला आणि बसली.

कपडा ओलसर लागला होता. नाकात उग्र, औषधी वास गेला. गाडी हलली. प्रीती कशीबशी दारात लटकली होती. ज्योत्स्नाचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. बोटं गुलाबी झाली होती.

ती ताडकन उठली. माणसांना बाजूला सारत दाराशी पोहोचली, प्रीतीचं मनगट धरून तिला आत ओढलं आणि बाकाकडे ढकललं.

"बस तिथं. तुझा रुमाल... मीच उचलला होता."

"माझा?" प्रीतीनं बसता बसता ओढणीआडून घडी घातलेला पांढरा रुमाल काढून दाखवला. "मी कुठं टाकला आज? तुला हात करून राह्यले होते मी. सर तयार झाले गं. फलकावर दोघींचं नाव येणार."

ज्योत्स्नानं पर्स उघडली. कोपरान् कोपरा चाचपला. आत रुमाल नव्हता. तेवढ्यात गाडीच्या हिसक्यानं गर्दीचा लोंढा आला आणि तिला मागे मागे रेटत थेट दारापर्यंत घेऊन गेला. तिनं दांडी घट्ट धरली. ओलसर गुलाबी बोटं घसरत होती.

आतून प्रीती तिच्याकडे बघून हसली, जराशी सरकली आणि शेजारच्या वीतभर जागेवर तिच्यासाठी आपला पांढरा रुमाल अंथरला. मग ती खिडकीबाहेर बघू लागली.

ज्योत्स्नाच्या डोळ्यांदेखत तो रुमाल बाकावरून उचलला गेला. तिथं कोणीच नव्हतं. कमरेला खोचावा तसा तो अधांतरी दुमडला आणि दिसेनासा झाला.

गाडीखाली सबवेचा पोकळ आवाज सुरू झाला.