भट्टीखोलीचं झाकण

क्रांती चौकात मिक्सर दुरुस्तीला टाकायला गेले होते. दुकानदार म्हणाला, तासाभरानं या. शेजारच्या इमारतीच्या तळघरात व्याख्यान होतं, पहिल्या महायुद्धात समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या एका जहाजाच्या कारकिर्दीवर. फलकावर जहाजाचं नाव वाचलं आणि मी जिना उतरले. त्याच जहाजाच्या भट्टीत माझे पणजोबा धोंडिबा कोळसा टाकायचे. पाचोडचा माणूस, मोठं पाणी म्हणून फक्त विहीर पाहिलेला.

निवृत्त प्राध्यापक व्यंकटराव वाचत होते. कप्तान कोण, त्याला पदक कोणतं मिळालं, त्याच्या कुत्र्याचं नावसुद्धा. मग म्हणाले, "एक सुरुंग तळाशी फुटला. कप्तानानं भट्टीखोलीचं झाकण वेळेत लावून घेतलं आणि जहाज वाचलं. जीवितहानी नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या झाकणाखाली माणसं होती! खालून किती वेळ थापा येत होत्या, ते जहाजावरून परतलेल्या एका गाववाल्यानं आमच्या घरी येऊन सांगितलं होतं. म्हणून आकितीला, अक्षय्य तृतीयेला, सगळे पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, तेव्हा आमच्याकडं धोंडिबांना कोरडी भाकरी ठेवतात. बुडालेल्याला आणखी पाणी काय पाजायचं?

तेवढ्यात थाप आली... माझ्या पायांखालून. मग दुसरी, भिंतीकडून. मग सगळ्या फरशीखालून. ओल्या कोळशाचा वास सुटला.

"वर काम चाललंय वाटतं," व्यंकटराव म्हणाले.

"वर नाय, सायेब," दारातला रखवालदार फकिरा हळूच म्हणाला. "खालून येतंय... आन् खाली तर नुसता खडक हाय."

मी उठले. "सर, ते वाक्य मागं घ्या."

"ताई, नोंदीत आहे तेच मी..."

"कुत्र्याचं नाव घेता आन् माणसाचं नाय? लाज कशी वाटत नाय? धोंडिबा म्हणा!"

ग्लासातलं पाणी हिंदकळत होतं. व्यंकटराव पुटपुटले, "धोंडिबा..."

माझ्या पायांखालची थाप थांबली. तेवढीच. बाकीच्या वाढल्या.

"इतरांची नावं?" त्यांनी कागद भराभर उलटले. "सांगा ना लवकर..."

मला कुठून ठाऊक असणार? ती लिहायचं काम ज्यांचं होतं, त्यांनी कुत्र्याचं लिहून ठेवलं होतं.

लोक जिन्याकडं धावले. फकिरानं दार ओढलं. उघडेना. बाहेरून कडी घातल्यासारखं घट्ट. मग आम्हीही थापा मारू लागलो, ओरडू लागलो... बऱ्याच वेळानं मला शोधत आलेल्या मिक्सरवाल्यानं सहज दार ढकललं, तर ते उघडलं. म्हणाला, "कडी तर नवतीच. आन् आवाज? काहीच आला नाय की."

पुढं व्यंकटरावांचं पुस्तक छापून आलं. त्या दिवशी घामाघूम होऊन माझ्यासोबत दार बडवणाऱ्या माणसानं ते वाक्य जसंच्या तसं ठेवलंय. जीवितहानी नाही! अजूनही माझं रक्त उसळतं.

माझी प्रत त्या समोरच्या कपाटात आहे. अहो, दार लोटू नका. ते उघडंच राहू द्या... बंद केलं की आतून वाजायला लागतं.