चार तासांवरचं सासर

"हे विमान आहे की जादू?" त्याने काउंटरवर तिकीट आपटलं. "दहाला निघतं, अकराला पोहोचतं. मी आईला फोन करून सांगितलंय, तासाभरात आलोच!"

तिकीट ऑफिसातल्या त्या मुलीने आधी त्याच्या शर्टावरचा ग्रीसचा डाग पाहिला, मग चेहरा. ओठ दाबले तरी तिला हसू आवरेना.

"अहो, तिकडचं घड्याळ तीन तास मागे असतं. पोहोचायची वेळ तिकडची छापतात. चार तास बसायचंय तुम्हाला."

"चार तास... एकट्याने?"

"शेजारी कुणीतरी असेलच की!"

"तुम्ही नसाल ना पण."

आगाऊ कुठला! ती मनात म्हणाली — आणि त्याला खिडकीजवळची जागा दिली.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कामासाठी या शहरात सारखा यायचा आणि दर खेपेला तिकिटाबद्दल काहीतरी शंका काढायचा. तिसऱ्या खेपेला 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"येताना जास्त वेळ लागतो," तो म्हणाला.

"काहीतरीच! तेवढाच लागतो."

"तू कधी बसून पाहिलंयस?"

अख्ख्या शहराला तिकिटं विकणारी ही बया कधी विमानात बसलीच नव्हती!

शेवटी तो तिला मागणी घालायला घरी आला. बाबांची अट एकच होती, मुलगी लांब द्यायची नाही. त्यांनी चष्मा लावून त्याचं तिकीट निरखलं.

"दहा ते अकरा... अरे, एकच तास! मग अडतंय कुठे? चहा टाक गं!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने फक्त गप्प बसायचं होतं. चहा झाला असता, तारीख ठरली असती, सगळं कसं सुरळीत! पण असा चोरून मिळवलेला होकार तिला नको होता.

"बाबा, एक नाही, चार तास लागतात. तिकडची वेळ मागे आहे."

बाबांचा चेहरा उतरला. "मग नाही जमायचं. उद्या तुला काही झालं, तर मी धावत कसा येणार?"

"आत्या दोन गल्ल्या सोडून राहते. तिचा पाय मोडला, तेव्हा गेलात धावत?"

"तिचं नाव काढू नकोस!"

"काढणार! भांडण झालं म्हणून दोन गल्ल्या तुम्हाला ओलांडवेनात, आणि मला अंतर शिकवताय? मी तुम्हाला फसवणार नाही, बाबा. पळूनही जाणार नाही. पण जाणार. मला हा आवडतो... फार आवडतो."

तो चाचरत म्हणाला, "मी... मी इकडेच येऊन राहिलो तर?"

"तू गप्प बस रे! मला जायचंय. त्या विमानातसुद्धा बसायचंय!"

बाबा उठले आणि पायात चपला सरकवू लागले.

"कुठे निघालात?"

"पाय बरा झाला का तिचा, बघून येतो." दारात ते थबकले. "आणि हे बघ, मी अजून हो म्हटलेलं नाही!"

"विचारलंय कुणी?" ती म्हणाली, आणि त्यांच्यादेखत तिने त्याचा हात घट्ट धरला.