ससाण्याचं दुसरं जहाज

ससाणा जहाजाच्या कठड्यावर गप्प बसला होता, आणि तरीही मागे मागे चालला होता. हेच कस्तुरीला काही सुचू देत नव्हतं.

उन्हावर चालणाऱ्या त्या मालवाहू जहाजावर तो सकाळी दमूनभागून उतरला, तेव्हा तिला कोण आनंद झाला. तिने त्याच्यापुढे मूठभर भात ठेवला.

"हा काय कावळा आहे, भाताला शिवायला?" सुकाणू म्हणाला. सुकाणू म्हणजे जहाज हाकणारा यंत्रमानव. "हा स्थलांतर (ऋतू पाहून दूरदेशी जाणं) करणारा ससाणा. आफ्रिकेला निघालाय. आणि आपण आफ्रिकेहून रत्नागिरीला."

झालं. कस्तुरीच्या जिवाला घोर लागला. हा जेवढा विसावेल, तेवढा मागे जाईल. हाकलावा, तर पंखांत त्राण नाही, समुद्रात पडेल. राहू द्यावा, तर वाट लांबेल. शेवटी पंचा घेऊन ती हाकलायला उठलीच.

"थांब गं," आजोबा म्हणाले. ते वाऱ्यांचे शास्त्रज्ञ. जहाजावरून फुगे सोडून वरचे वारे मोजत. "आधी डेकच्या मागच्या टोकाकडे चालून दाखव."

ती चालली.

"आता सांग, आफ्रिकेजवळ गेलीस की रत्नागिरीजवळ?"

कस्तुरी घोटाळली. "मी चालले ताशी पाच किलोमीटरने आफ्रिकेकडे. जहाज वीसने रत्नागिरीकडे. म्हणजे... मी पंधराने रत्नागिरीकडेच गेले की."

"याला म्हणतात सापेक्ष वेग (एका गोष्टीच्या मानाने दुसरीचा वेग). डेकच्या मानाने एक, समुद्राच्या मानाने दुसरा."

"पण त्याने ससाण्याची वाट कशी कमी होणार?"

आजोबांनी कठड्यावर टेकलेला एक चतुर दाखवला. काचेसारखे पंख, काडीएवढं अंग. "हा भारताकडून आलाय. एवढा समुद्र नुसत्या पंखांवर ओलांडला असेल?"

"मग कुणी आणला?"

"हवेने. वाहती हवा हेही एक जहाजच, फक्त दिसत नाही. इथे खाली वारा पडलाय, पण माझा फुगा सांगतोय, वर तो ताशी तीसने आफ्रिकेकडे चाललाय."

इतक्यात चतुर उडाला. ससाण्याने झेप घेऊन त्याला हवेतच टिपलं आणि पुन्हा कठड्यावर येऊन बसला.

"जहाजाबरोबर शिदोरीही आली," सुकाणू म्हणाला.

कस्तुरीने पंचा घडी करून ठेवला. आणखी चतुर आले, ससाण्याचं पोट भरलं. ऊन कलताना त्याने अंग फुलवून झटकलं आणि घिरट्या घेत तो वर, आणखी वर गेला. मग एकदम सरळ नैर्ऋत्येला निघाला.

"त्याचे स्वतःचे पंचेचाळीस," सुकाणूने सुरुवात केली, "वाऱ्याचे तीस..."

"पंचाहत्तर," कस्तुरी म्हणाली. "आपण दिवसभर मागे नेलं, ते हा तीन तासांत भरून काढील."

ठिपका दिसेनासा झाला तरी ती वरच पाहत होती.

"आजोबा, मी मोठी झाले की त्या वरच्या वाऱ्यावर चालणारं जहाज बांधीन."

"बांध की," आजोबांच्या आधी सुकाणूच बोलला. "पण त्यालाही सुकाणू लागेल, तेवढं लक्षात ठेव."