निम्मे आकडे बिघडल्यावर

माणसाचा आवाज आकड्यांत मोडायचा, रेडिओवरून पाठवायचा आणि पलीकडे पुन्हा जुळवायचा, असं ते लष्करी यंत्र. वाटेत आकडे बिघडले तर आवाज किती टिकेल, हे व्हर्ना प्रुइट ॲरिझोनातल्या प्रयोगशाळेत संगणकावर ताडून बघायची. चाचणीला आवाज लागत, आणि त्यासाठी वेगळी माणसं काही सरकार देत नसे. मग कर्मचाऱ्यांचीच मुलं सुट्टीवर आली की डोनटची लालूच दाखवून त्यांना माइकसमोर बसवायचं आणि आवाज टेपवर घ्यायचा, अशी तिथली रीत. व्हर्नाचा डेल आणि तिचा साहेब लाइल याचा रॉस, दोघंही लष्करात हेलिकॉप्टर चालवणारे, एकाच तुकडीतले. दोघांनीही तीच कंटाळवाणी वाक्यं वाचली होती.

निम्मे आकडे बिघडवले की कुणाचाच आवाज उरत नाही, नुसती खरखर. मार्चमध्ये मात्र त्याच तुकडीतल्या, इथंच वाक्यं वाचून गेलेल्या हॉबर्ट नावाच्या पोराचा आवाज त्या खरखरीतून लख्ख बाहेर आला, अगदी श्वासासकट. त्याच संध्याकाळी त्याचं हेलिकॉप्टर पडल्याची बातमी आली.

व्हर्नानं प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. घोळ सापडला नाही. लाइलला सांगावं, तर तो म्हणाला असता, "भुतं काढायचा पगार मिळत नाही, बाई." तिनं सांगितलं नाही.

आज दुपारी डेलचा आवाज तसाच आला. तो ओठांवरून जीभ फिरवतोय, तेही ऐकू येत होतं. लाइल कॉफी आणायला गेला होता. तिनं डेलच्या तळावर, अलाबामाला, फोन लावला.

"आई? अगं, निघायच्या घाईत आहे मी."

"जाऊ नकोस. पोट दुखतंय म्हण, काहीही म्हण. माझ्यासाठी, डेल."

तो हसला. मग त्याला तिचा हुंदका ऐकू आला.

"बरं, बरं. सांगतो तसं. मग माझ्याऐवजी रॉस जाईल."

त्यालाही जाऊ देऊ नकोस, हे शब्द व्हर्नाच्या ओठांवर आले होते.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

चाचणी तिनं पुन्हा चालवली. डेल खरखरीत बुडून गेला. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची शिसारी आली.

लाइल दोन कप घेऊन आला. हेडफोन कानाला लावून त्यानं पुढचा आवाज सुरू केला.

"अगं, आमचा रॉस! निम्मे आकडे गेलेत, तरी शब्द न् शब्द कळतोय. जिंकलो आपण!"

व्हर्नानं कप उचलला.

लाइल ऐकत राहिला. हळूहळू त्याच्या कपाळाला आठी पडली.

"पण हे कधी वाचलं यानं?" तो म्हणाला. "तुझं नाव घेतोय बघ."